पाटीवरील नावामागचा माणूस

कोणत्याही मोठ्या वनस्पती उद्यानात झाडाच्या बुंध्याशी एक लहानशी पाटी असते. तिच्यावर लॅटिन भाषेतील दोन शब्दांचे शास्त्रीय नाव असते आणि नाव पूर्ण लिहिलेले असेल, तर त्यापुढे काही संक्षिप्त अक्षरेही असतात. ज्या शास्त्रज्ञाने त्या झाडाचे पहिले शास्त्रशुद्ध वर्णन केले, त्याची ती खूण. हिमालयातून जगभरच्या उद्यानांत गेलेल्या झाडाझुडपांच्या पाट्यांवर ‘हूक. एफ.’ ही अक्षरे पुन्हा पुन्हा आढळतात. यातील ‘एफ.’ म्हणजे ‘फिलियस’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पुत्र. नुसते ‘हूक.’ म्हणजे सर विल्यम जॅक्सन हूकर आणि ‘हूक. एफ.’ म्हणजे त्यांचे पुत्र सर जोसेफ डाल्टन हूकर. एकोणिसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञांपैकी एक असलेल्या या माणसाचे आयुष्य एका साध्या प्रश्नाभोवती फिरत राहिले. समोरचे हे अनोळखी झाड कोणते, हा तो प्रश्न.

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. रानातील झाड आपल्या परिसरासह उभे असते. त्याच्या शेजारी कोणती झाडे आहेत, ते किती उंचीवर वाढते, केव्हा फुलते, त्याचा उपयोग काय, हे सारे सांगणारी माणसे आसपास असतात. तेच झाड हजारो मैलांवरच्या उद्यानात लावले की ते एकटे पडते. पाटी हरवली, मुळात लागलीच नाही किंवा चुकीची लागली, तर जाणकार माळीही गोंधळतो. फुले वर्षातून दोन-तीन आठवडे येणार. उरलेला काळ केवळ पाने, साल आणि फांद्यांची ठेवण एवढ्यावरूनच ओळख पटवायची. परदेशी वृक्ष-झुडपांची अशी निनावी गर्दी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपातील उद्यानांत झाली होती. जगाच्या कानाकोपऱ्यांतून बिया, रोपे आणि कंद येऊन पडत होते. एकाच झाडाला चार देशांतील चार विद्वानांनी चार नावे दिलेली असत आणि चार वेगळी झाडे एकाच नावाने विकली जात.

जोसेफ हूकर यांचा जन्म ३० जून १८१७ रोजी इंग्लंडमधील सफोक परगण्यातील हेल्सवर्थ येथे झाला. १८२० मध्ये वडील ग्लासगो विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि मुलाचे बालपण वाळवलेल्या वनस्पतींच्या गठ्ठ्यांत गेले. सातव्या वर्षापासूनच तो वडिलांच्या व्याख्यानांना जाऊन बसू लागला. त्या काळी निव्वळ वनस्पतिशास्त्रावर पोट भरण्याची सोय नव्हती. म्हणून जोसेफ यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८३९ मध्ये पदवी मिळताच जेम्स क्लार्क रॉस यांच्या अंटार्क्टिक मोहिमेत ‘एरेबस’ जहाजावर साहाय्यक शल्यचिकित्सक म्हणून ते रुजू झाले. चार वर्षांच्या या सफरीत त्यांनी केर्गेलेन बेट, टास्मानिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे आणि दक्षिण अमेरिकेचे टोक येथील वनस्पती गोळा केल्या. परतल्यावर त्यांची चार्ल्स डार्विन यांच्याशी मैत्री जुळली. जाती बदलत असाव्यात ही आपली शंका डार्विन यांनी जानेवारी १८४४ मध्ये पत्राने हूकर यांना कळवली होती. पुढे १८५८ मध्ये डार्विन व वॉलेस यांचे निबंध लिनियन सोसायटीपुढे ठेवण्यात लायेल यांच्याबरोबर हूकर यांचाच पुढाकार होता.

मात्र उद्यानांच्या इतिहासात हूकर यांचे नाव कायमचे कोरले गेले ते हिमालयामुळे. नोव्हेंबर १८४७ मध्ये ते इंग्लंडहून निघाले. भारताचे नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याच प्रवासात त्यांचे सहप्रवासी होते. जानेवारी १८४८ मध्ये कलकत्त्याला उतरून एप्रिलमध्ये ते दार्जिलिंगला पोहोचले. तेथे ब्रायन हॉजसन या नेपाळच्या व्यासंगी अभ्यासकाने त्यांना आपल्या घरी आश्रय दिला. समोर कांचनगंगेची रांग आणि आसपास ओक, भूर्ज व मॅग्नोलियाची दाट राई असे ते ठिकाण. आपल्या सोनचाफ्याच्या कुळातील एक प्रचंड वृक्ष तेथे वसंतात एकही पान नसताना मोठमोठ्या फुलांनी डवरलेला असे. हूकर आणि त्यांचे मित्र थॉमस थॉमसन यांनी पुढे त्याला दार्जिलिंगचे अधीक्षक आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांच्यावरून मॅग्नोलिया कॅम्पबेलाय हे नाव दिले.

या अरण्यातील खरे नवल होते ऱ्होडोडेंड्रॉनचे. नेपाळीत यांना गुरांस म्हणतात, तर उत्तराखंडात बुरांश. लाल फुलांचा बुरांश युरोपला आधीच परिचित होता. परंतु पूर्व हिमालयात या एकाच प्रजातीची इतकी विविध रूपे असतील, अशी कल्पना कोणालाही नव्हती. एक जात ओकच्या उंच फांद्यांवर बांडगुळासारखी, पण परोपजीवी न होता वाढत होती आणि तिला लिलीसारखी मोठी, पांढरी, सुवासिक फुले येत होती. दुसरी जात चांगला वृक्ष होऊन फूटभर लांबीची पाने मिरवत होती. तिसरी सतरा हजार फुटांच्या आसपास, बर्फाच्या कडेला, जमिनीला चिकटून जगत होती. उंची बदलली की जात बदलत होती. डोंगर चढता चढता या झुडपांवरून आपण किती वर आलो, याचा अदमास हूकर यांना बांधता येऊ लागला.

त्यांची ओळख पटवण्याची रीत मोठी शिस्तीची होती. फुलाच्या रंगावर विसंबायचे नाही, कारण एकाच जातीत तो फिका-गडद होतो आणि वाळल्यावर तर नाहीसाच होतो. पान उलटून पाहायचे. पालथ्या बाजूस गंजाच्या रंगाची दाट लव आहे, बारीक खवले आहेत, की ती अगदी गुळगुळीत आहे, हे आधी पाहायचे. ऱ्होडोडेंड्रॉन फाल्कनेरायच्या पानाखाली अशी तांबूस लव असते, थॉमसोनायचे गोलसर पान स्वच्छ असते, तर डलहौसिईच्या पानावर खवले असतात. त्यानंतर पुंकेसर मोजायचे, फुलाखालचे हिरवे पेले तपासायचे, बीजकोशाचा आकार टिपायचा. वास घ्यायचा. ऱ्होडोडेंड्रॉन अँथोपोगॉनच्या पानांना राळेसारखा उग्र गंध असतो आणि उंचावर होणारी डोकेदुखी त्या गंधानेच होते, असे तेथील लोक मानत. सरतेशेवटी स्थळ, उंची आणि दिवस लिहून नमुना कागदात दाबायचा. ही नोंद नसेल तर उत्तमातला उत्तम नमुनाही मुका ठरतो, ही शिकवण हूकर यांनी आयुष्यभर पाळली. आजही एखाद्या उद्यानात पाटी नसलेले ऱ्होडोडेंड्रॉन दिसले, तर अभ्यासक प्रथम त्याचे पान उलटून पाहतो.

हे काम सुखाचे नव्हते. पावसाळ्यात कागद ओले, जळवांचा त्रास आणि नमुने बुरसण्याची धास्ती. शेकोटीवर कागद पुन्हा पुन्हा सुकवावे लागत. १८४८ च्या अखेरीस पूर्व नेपाळकडे निघालेल्या त्यांच्या तांड्यात छप्पन्न माणसे होती. झाडांवर चढून फुले-फळे काढणारे, ओझी वाहणारे आणि वाट दाखवणारे बरेचसे लेपचा व भोटिया होते. लेपचांचे रानाचे ज्ञान पाहून हूकर थक्क झाले आणि आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी त्याचे मनापासून कौतुक केले. तरीही नव्या जातींना नावे देताना त्यांनी आठवण ठेवली ती डलहौसी यांच्या पत्नीची, हॉजसन, फाल्कनर, थॉमसन आणि कॅम्पबेल यांची. झाडावर चढून पहिले फूल खाली आणणाऱ्या हातांपैकी कोणाचेच नाव त्या पाट्यांवर आले नाही. त्या काळाच्या रीतीला हे धरून होते. तरी हिशेबातली ही उणीव दृष्टीआड करता येत नाही.

सिक्कीमच्या दरबाराला हा परका माणूस आपल्या खिंडी मोजत फिरतो, हे मुळीच रुचले नव्हते. १८४९ मध्ये हूकर तिबेटच्या सीमेवरील अठरा हजार फुटांहून उंच डोंकिया खिंडीपर्यंत जाऊन आले. नोव्हेंबरात कॅम्पबेल त्यांच्याबरोबर असताना दिवाणाच्या माणसांनी दोघांना अडवले. कॅम्पबेल यांना बांधून मारहाण झाली. हूकर यांना कोणी हात लावला नाही, पण तेही मित्राबरोबर कैदेत राहिले. डिसेंबरच्या अखेरीस दोघांची सुटका झाली. या प्रकाराचे निमित्त करून इंग्रजांनी सिक्कीमचा तराईचा मुलूख आपल्या राज्यास जोडला. फुलांच्या शोधात निघालेल्या प्रवासाचा शेवट असा एका लहान राज्याचा प्रदेश जाण्यात झाला.

१८५० मध्ये थॉमसन यांच्यासह हूकर खासी टेकड्यांत गेले. तेथे निळ्या वांडा ऑर्किडचे ताटवे पाहून त्यांनी क्यू उद्यानासाठी सात माणसांना वाहून न्यावे लागेल इतके ओझे गोळा केले. वाटेतील अडचणींमुळे त्यांपैकी फारच थोडी रोपे इंग्लंडला जिवंत पोहोचली. परदेशी उद्यानात दिसणाऱ्या प्रत्येक देखण्या झाडामागे रानात काय गमावले जाते, याचा हा एक दाखला आहे आणि तो खुद्द हूकर यांनीच लिहून ठेवला आहे.

बियांच्या बाबतीत दैवाने साथ दिली. सिक्कीमहून पाठवलेले ऱ्होडोडेंड्रॉनचे बियाणे क्यू येथे रुजले. तेथील एका खोलगट वाटेच्या दोन्ही कडांना ही रोपे लावली गेली आणि ती जागा पुढे ऱ्होडोडेंड्रॉनची दरी म्हणून प्रसिद्ध झाली. हूकर हिमालयातच असताना वडिलांनी त्यांच्या टिपणांवरून आणि चित्रांवरून सिक्कीम हिमालयातील ऱ्होडोडेंड्रॉनवरचा ग्रंथ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १८४९ ते १८५१ या काळात तो तीन भागांत निघाला. त्यातील वॉल्टर हूड फिच यांच्या तीस रंगीत शिळाछापांनी इंग्लंडमधील बागवानांना वेड लावले. उतारावरच्या राईत हिमालयीन झुडपे लावण्याची एक नवी शैलीच तेथे रूढ झाली. याच प्रजातीतील निव्हियम ही जात आज सिक्कीमचा राज्यवृक्ष आहे.

१८५५ मध्ये हूकर क्यू उद्यानाचे सहायक संचालक झाले आणि १८६५ मध्ये वडिलांच्या निधनानंतर संचालक. वडिलांनी १८४१ पासून या राजेशाही बागेचे रूपांतर लोकांच्या उद्यानात केले होते. पुत्राची दृष्टी वेगळी होती. त्यांच्या लेखी क्यू ही प्रथम प्रयोगशाळा होती, नंतर बाग. लोकांना सकाळीही प्रवेश मिळावा, या मागणीला त्यांनी सतत विरोध केला. सकाळची वेळ अभ्यासकांची आणि माळ्यांची, सहलीला येणाऱ्यांनी दुपारी यावे, अशी त्यांची भूमिका होती. ही भूमिका आज अहंमन्य वाटेल आणि तेव्हाही अनेकांना तशीच वाटली. सार्वजनिक पैशावर चालणारी बाग अर्धा दिवस बंद का, हा नागरिकांचा सवाल रास्तच होता. परंतु गर्दी वाढली की फांद्या मोडतात, पाट्या हलतात आणि मग झाडांची ओळखच पुसली जाते, ही भीतीही अनाठायी नव्हती.

याच सुमारास सार्वजनिक बांधकाम खात्याचे प्रमुख ॲक्टन स्मी आयर्टन यांच्याशी त्यांचा संघर्ष पेटला. काचघरांच्या तापनव्यवस्थेसारखे निर्णयही संचालकांना डावलून होऊ लागले. रिचर्ड ओवेन यांनी क्यूच्या वनस्पतिसंग्रहाच्या उपयुक्ततेवरच शंका घेणारा अहवाल दिला. वाळक्या काड्यांचा हा संग्रह बागेला हवाच कशाला, असा त्या वादाचा मथितार्थ होता. हूकर यांच्या दृष्टीने हा जीवनमरणाचा प्रश्न होता. बागेतील जिवंत झाड ओळखायचे तर त्याला ताडून पाहण्यासाठी खात्रीचा वाळवलेला नमुना हाताशी हवाच. संग्रह गेला तर बाग ही केवळ शोभेची झाडी उरेल. १८७२ मध्ये डार्विन आणि लायेल यांच्यासह आघाडीचे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले, प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले आणि अखेर क्यूचा संग्रह शाबूत राहिला.

या संग्रहाच्या बळावरच हूकर यांची मोठी कामे उभी राहिली. जॉर्ज बेंथम यांच्यासह त्यांनी १८६२ ते १८८३ या काळात सिद्ध केलेल्या ‘जेनेरा प्लांटारम’ या ग्रंथात ७,५६९ प्रजाती आणि ९७,२०५ जातींची मांडणी आहे. वनस्पतिशास्त्राच्या भारतीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या बेंथम-हूकर पद्धती घोकत वाढल्या. ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथाचे सात खंड १८७२ ते १८९७ या पंचवीस वर्षांत पूर्ण झाले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ रचला, तोही निवृत्तीनंतर क्यू येथे बसून आणि हूकर यांच्याच वाटेने जाऊन. सह्याद्रीतील झाड ओळखू पाहणारा अभ्यासक आजही कुक यांचे खंड उघडतो.

डार्विन यांनी दिलेल्या आर्थिक साहाय्यातून ‘इंडेक्स क्यूएन्सिस’ हा वनस्पतिनामांचा महाकोश हूकर यांच्या देखरेखीखाली तयार झाला. कोणते नाव कोणी, कोठे, प्रथम दिले याची ही खतावणी १८९३ पासून प्रसिद्ध होऊ लागली. आजची संगणकीय नामसूची तिच्यातूनच वाढली आहे. ‘बोटॅनिकल मॅगझिन’ या नियतकालिकाचे संपादनही हूकर यांनी १८६५ पासून जवळजवळ चार दशके केले. बागेत नव्याने फुललेल्या परदेशी वनस्पतीचे रंगीत चित्र व वर्णन प्रसिद्ध करून तिची ओळख पक्की करणे, हेच त्याचे काम. फिच १८७७ मध्ये मोबदल्याच्या वादातून बाहेर पडले. तेव्हा कन्या हॅरिएट आणि नंतर नात्यातील माटिल्डा स्मिथ यांनी चित्रांची बाजू सांभाळली.

नवी नावे देण्यापेक्षा जुनी अनावश्यक नावे रद्द करण्याकडे हूकर यांचा कल होता. न्यूझीलंडमधील मिशनरी विल्यम कोलेन्सो त्यांना वर्षानुवर्षे वनस्पती पाठवत आणि त्यांतील अनेक नव्या जाती असल्याचे सांगत. हूकर यांनी त्यांतील बहुतेक दावे फेटाळले. जगभरचे नमुने समोर ठेवल्याखेरीज एखादी जात नवी ठरवता येत नाही, हा त्यांचा युक्तिवाद शास्त्राला धरून होता. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की झाड ज्याच्या अंगणात वाढते त्याला त्याचे नाव ठरवण्याचा अधिकार नाही. तो लंडनजवळच्या एका इमारतीत बसणाऱ्याला आहे. रानातला जाणकार आणि संग्रहातला पंडित यांच्यातील हा ताण हूकर यांच्या साऱ्या कारकिर्दीत दिसतो.

१८८५ मध्ये निवृत्त झाल्यावर ते सनिंगडेल येथे राहू लागले आणि वृद्धपणी त्यांनी सर्वांत अवघड प्रजाती हाती घेतली. ती म्हणजे आपल्या ओळखीचा तेरडा. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण मराठी माणसाला ठाऊक आहे. वनस्पतिशास्त्रज्ञाला तर तो तीन दिवसही मिळत नाही. तेरड्याचे फूल इतके नाजूक आणि रसदार की दाबून वाळवताच पाकळ्या एकमेकींना चिकटून आकार हरवतात. ऐंशी वर्षे उलटलेले हूकर ती चिकटलेली फुले भिजवून, भिंगाखाली पाकळी पाकळी सोडवून पाहत असत. दरवर्षी श्रावण-भाद्रपदात कास पठार जांभळ्या-गुलाबी रंगाने झाकून टाकणाऱ्या इम्पेशन्स लॉआय या तेरड्याच्या नावापुढेही हूकर आणि थॉमसन यांचीच नावे लागलेली आहेत.

हूकर यांची वर्गीकरण पद्धती आज मागे पडली आहे. १९९८ पासून डीएनएच्या आधारे झालेल्या फेरमांडणीत अनेक कुले मोडली आणि नवी जुळली. त्यांनी स्वतंत्र मानलेल्या काही जाती आता दुसऱ्यांत विलीन झाल्या आहेत. तरीही भारतातील अनेक वनस्पतिसंग्रहांची कपाटे बेंथम-हूकर क्रमानेच लावलेली असतात आणि नव्या तंत्राने केलेला निर्णयही शेवटी जुन्या नमुन्याशीच ताडून पाहावा लागतो. हिमालयात कागदात दाबलेली ती पाने क्यूच्या कपाटांत आजही आहेत.

१० डिसेंबर १९११ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी हूकर यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये, मित्र डार्विन यांच्या सान्निध्यात त्यांचे दफन करण्याची तयारी दर्शविण्यात आली होती. पण त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना क्यू येथील सेंट ॲन चर्चच्या आवारात, वडिलांच्या शेजारी, विसावा देण्यात आला. चर्चमधील त्यांच्या स्मृतिफलकावर पाच वनस्पती कोरल्या आहेत. त्या फलकाची रचना माटिल्डा स्मिथ यांची आहे.